सायकल, मधमाशी आणि विद्यापीठाचा माळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी आणि त्याला शिकविणारा प्राध्यापक हे एकाच रस्त्याने, जवळजवळ एकाच वेगाने जात. ज्याच्याजवळ स्वतःची सायकल नसे, त्याच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत. दुकानदार नाव-पत्ता वहीत टिपून घेई. माणूस ओळखीचा असला तर तेवढेही नाही. ‘सार्वजनिक सायकल योजना’ हा शब्दप्रयोग तेव्हा कोणी ऐकला नव्हता, पण ती गोष्ट अस्तित्वात होती. पुढे स्वयंचलित दुचाकी आली, रस्ते रुंद झाले ते तिच्यासाठी आणि मोटारीसाठी, आणि भाड्याच्या सायकलींची दुकाने एकेक करून मिटली.

डिसेंबर २०१७ मध्ये हीच गोष्ट नव्या वेषात परत आली. महापालिकेच्या पुढाकाराने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात एका खाजगी कंपनीच्या भाड्याच्या सायकली उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये आणखी काही कंपन्या शहरात उतरल्या. चारशे एकरांहून मोठ्या असलेल्या त्या आवारात फाटकापासून आपल्या विभागापर्यंत पायपीट करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांचे स्वागत केले, यात नवल नाही. भ्रमणध्वनीवरून कुलूप उघडायचे, भाडेही त्याच्यातूनच भरायचे. ज्या झाडूवाल्या बाईजवळ तसला फोन नाही, तिने त्या रंगीत सायकलींकडे नुसते पाहावे, एवढीच तिच्यासाठी सोय होती. दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्यांनी काढता पाय घेतला. विद्यापीठाचे रस्ते होते तेथेच राहिले, विद्यार्थीही राहिले. सायकली तेवढ्या गेल्या.

त्या काळात सायकलींची मोडतोड करणाऱ्या नागरिकांवर पुष्कळ टीका झाली. मोडतोड झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पेठेतल्या दुकानदाराची सायकल कोणी नाल्यात फेकत नसे, याचाही विचार करावयास हवा. ती सायकल कुणाची आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक होते, आणि संध्याकाळी ती पुसून, तेल घालून, हवा भरून ठेवणारा माणूसही त्याच्या डोळ्यांसमोर होता. कंपनीच्या सायकलीमागे असा कुठलाच चेहरा नव्हता. ती ज्या भांडवलावर चालत होती, त्या भांडवलाला सायकल चालण्यापेक्षा बाजारपेठ काबीज करण्यात अधिक रस होता. ते भांडवल आटताच चाक थांबले.

सार्वजनिक मालकीची टिंगल करणारे लोक येथे लगेच पुढे सरसावतात. सर्वांची वस्तू ती कुणाचीच नसते, हे त्यांचे ठरलेले वाक्य. १९६५ साली अॅम्स्टरडॅममध्ये प्रोव्हो या तरुणांच्या बंडखोर गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या आणि नगरपालिकेने मोटारींना आवर घालून अशा हजारो सायकली लोकांसाठी विकत घ्याव्यात, अशी मागणी केली. त्या फसलेल्या प्रयोगाचा दाखला मोठ्या आनंदाने दिला जातो. वस्तुतः तो प्रयोग फसलाच नाही. तो होऊच दिला गेला नाही. कुलूप न लावलेली सायकल रस्त्यावर ठेवणे बेकायदेशीर आहे, या सबबीवर पोलिसांनी त्या जप्त केल्या आणि नगरपालिकेने योजना फेटाळली. ज्या गोष्टीची परीक्षाच झाली नाही, तिला अनुत्तीर्ण ठरविण्याचा हा प्रकार आहे.

परीक्षा खरोखर जेथे झाली, अशा एका गावाकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. कॅलिफोर्नियातील डेव्हिस हे ते गाव. कॅलिफोर्निया विद्यापीठाची शेतीविषयक संशोधनासाठी नावाजलेली शाखा तेथे आहे. सायकल आणि मधमाशी या दोहोंसाठी त्या आवाराचे नाव आज जगभर घेतले जाते. पण नाव का घेतले जाते आणि नाव घेताना काय विसरले जाते, या दोन्ही गोष्टी पाहावयास हव्यात.

जमीन सपाट, हवा कोरडी. सायकलीला निसर्ग अनुकूल. १९५९ ते १९६९ या काळात तेथे कुलपती असलेल्या एमिल म्राक यांनी विद्यार्थिसंख्या वाढू लागताच आवाराची आखणी सायकलस्वाराला समोर ठेवून करवली, आणि आवाराचा मध्यभाग मोटारींना बंद झाला. परंतु आवाराबाहेरच्या गावातले रस्ते म्राक यांच्या हुकमतीत नव्हते. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक चाइल्ड आणि त्यांच्या पत्नी ईव्ह पुढे आल्या. हे कुटुंब नेदरलँड्समध्ये राहून आले होते आणि तेथील सायकलींचे स्वतंत्र मार्ग त्यांनी पाहिले होते. त्यांनी मंडळ उभे केले, सह्या गोळा केल्या, नगरपरिषदेपुढे अर्ज ठेवला. परिषदेने दाद दिली नाही. तेव्हा १९६६ च्या निवडणुकीत सायकलमार्ग हाच मुद्दा झाला, त्या बाजूचे उमेदवार निवडून आले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील पहिले सायकलमार्ग डेव्हिसच्या रस्त्यांवर आखले गेले. त्यासाठी राज्याच्या वाहतूक कायद्यातही बदल करून घ्यावा लागला. आज हे मार्ग ‘पर्यावरणस्नेही जीवनशैली’ म्हणून चित्रांत दिसतात. ते मतपेटीतून आले, ही गोष्ट त्या चित्रांत दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, विद्यार्थी संघटनेने लंडनहून आणलेल्या दोन जुन्या दुमजली गाड्यांवर स्वतःची बससेवा सुरू केली. ती आजही चालते. तिचे चालक प्रामुख्याने विद्यार्थीच आहेत, तिचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या वर्गणीवर आहे आणि गावातला कुणीही माणूस तिच्यातून प्रवास करू शकतो. १९७१ मध्ये त्याच संघटनेची सायकल दुरुस्तीची कार्यशाळा आवारात उघडली. ‘बाइक बार्न’ म्हणजे सायकलींचा गोठा, हे तिचे नाव. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, ब्रेकची रबरे बदलणे, साखळी बसविणे ही कामे तेथे विद्यार्थी शिकतात, करतात आणि त्यांचे वेतन घेतात. दरवर्षी शिक्षण संपवून जाणारे विद्यार्थी आपल्या सायकली आवारात टाकून जातात; त्या उचलून त्यांचा लिलाव होतो आणि तीच सायकल नव्या स्वाराखाली पुन्हा रस्त्यावर येते.

सायकलींविषयीच्या उत्साही लिखाणात या गोठ्याला सहसा दोन ओळी मिळतात. खरे पाहता सगळा प्रश्न तेथेच आहे. सायकल ही अत्यंत काटकसरी वस्तू आहे, पण ती आपोआप टिकत नाही. तिला आठवड्याला हवा आणि महिन्याला तेल लागते, वर्षातून एकदा कुणीतरी तिची हाडे-सांधे तपासावे लागतात. हे काम कोणी करावयाचे, कोणत्या मोबदल्यावर, आणि त्यावर देखरेख कुणाची, हे ठरले की सायकल योजना उभी राहते. हे न ठरविता कितीही सायकली वाटल्या तरी तिसऱ्या वर्षी भंगारच उरते. डेव्हिसमध्येच याचा पडताळा आला. मे २०१८ मध्ये, म्हणजे पुण्यात कंपन्यांच्या सायकली फिरत होत्या त्याच सुमारास, ‘जंप’ या कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या लाल सायकली त्या परिसरात आल्या. कंपनी लवकरच उबरच्या मालकीची झाली. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात सायकली उचलल्या गेल्या, मे महिन्यात तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतून जमा झालेल्या अशा हजारो सायकली, त्यांतल्या कित्येक चालण्याजोग्या असताना, यंत्राखाली चिरडून भंगारात घातल्या गेल्या. गोठा मात्र जागेवर आहे. पन्नास वर्षे उलटली तरी तो चालूच आहे.

येथवरचे चित्र मनोहर आहे आणि म्हणूनच सावध राहावयास हवे. ज्या दशकात डेव्हिसच्या आवारात सायकलमार्ग आखले जात होते, त्याच दशकात तेथील प्रयोगशाळांत टोमॅटो तोडण्याचे यंत्र सिद्ध होत होते. यंत्राच्या दणक्यात फुटणार नाही असा जाड सालीचा टोमॅटोही त्याच विद्यापीठाने पैदा केला. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याची सरकारी योजना १९६४ अखेर बंद झाली आणि बागायतदारांनी यंत्राकडे धाव घेतली. यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर. ती परवडणारे थोडे. लँगडन विनर या अभ्यासकाने दिलेले आकडे असे आहेत की, साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे ४,००० असलेले टोमॅटो उत्पादक १९७३ पर्यंत सुमारे ६०० उरले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंदाजे ३२,००० मजुरांचे काम गेले. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाने मूठभर बड्या शेतकऱ्यांचे हित साधले, असा दावा शेतमजुरांच्या वतीने १९७९ मध्ये न्यायालयात दाखल झाला. १९८७ मध्ये खालच्या न्यायालयाने विद्यापीठाविरुद्ध कौल दिला. १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

हे सांगण्याचा हेतू सायकलमार्गांना कमी लेखण्याचा नाही. परंतु आवाराच्या कुंपणाआत धूर किती निघतो एवढेच मोजून विद्यापीठाला ‘हरित’ म्हणावयाचे, आणि त्याच्या विद्येने कुंपणाबाहेर कुणाची भाकरी काढून घेतली हे हिशेबात धरावयाचे नाही, हा हिशेब लबाडीचा आहे. आपल्याकडेही विद्यापीठांना हिरवेपणाबद्दल गुण देण्याचा परिपाठ पडू लागला आहे. सौर तबके किती आणि झाडे किती याचे रकाने त्यात असतात. झाडांना पाणी घालणाऱ्याचे वेतन किती, हा रकाना सहसा नसतो.

मधमाशीच्या गोष्टीतही हेच दोन पदर आहेत. कॅलिफोर्नियातील बदामाचे क्षेत्र तेरा लाख एकरांच्या वर गेले आहे. फेब्रुवारीत एकाच वेळी हा सारा मुलूख फुलतो आणि एरवी त्यात मधमाशीला खायला काहीच नसते. म्हणून एकरी सुमारे दोन या हिशेबाने वीस लाखांहून अधिक मधपेट्या देशाच्या कानाकोपऱ्यांतून मालमोटारींवर लादून तेथे आणल्या जातात आणि फुलोरा ओसरला की दुसऱ्या पिकाकडे हलविल्या जातात. ऊसतोडीच्या टोळ्यांचे हंगामी जिणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. २००६ च्या हिवाळ्यापासून या पेट्या अचानक रिकाम्या पडू लागल्याच्या बातम्या आल्या. रोग, परोपजीवी किडे, कीटकनाशके आणि उपासमार ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली निघाली.

या घबराटीतून डेव्हिसच्या आवारात अर्ध्या एकराची मधमाश्यांची बाग तयार झाली. २००९ मध्ये लावलेली ही बाग २०१० मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिला पैसा दिला तो हागेन-डाझ या आइसक्रीम कंपनीने, आणि बागेला नावही तिचेच लागले. आपल्या जवळजवळ निम्म्या स्वादांना लागणारी फळे आणि सुकामेवा मधमाश्यांवर अवलंबून आहेत, असे कंपनीनेच जाहीर केले होते. म्हणजे दानामागचा हेतू कोणी लपविला नव्हता. पैसा कंपनीचा असला तरी बागेला अर्थ दिला तो एका सेवानिवृत्त अध्यापकाने. रॉबिन थॉर्प १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिले. बागेत कोणकोणत्या माश्या येतात याची ते पद्धतशीर मोजदाद करीत. त्या अर्ध्या एकरात ऐंशीहून अधिक जातींच्या माश्या त्यांना आढळल्या. पाळीव मधमाशी ही त्यांतली केवळ एक. फ्रँकलिन बंबलबी या दुर्मिळ माशीच्या शोधात ते वर्षानुवर्षे डोंगर चढत राहिले. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनाच ती शेवटची दिसली. २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले, तेव्हा ते हयात नव्हते.

थॉर्प यांच्या मोजदादीतून निघणारी गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. माश्या म्हटले की लोक पेटीतल्या मधाचा विचार करतात. परंतु जगातल्या वीस हजारांवर जातींपैकी बहुसंख्य माश्या मध साठवीत नाहीत, पोळे बांधीत नाहीत. एकेकट्या राहतात आणि त्यांतल्या पुष्कळशा जमिनीत बीळ करून अंडी घालतात. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातले पराग पेटीतल्या मधमाशीला नीट काढता येत नाहीत. अंगाची थरथर करून ते झाडून घेणारे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकल माश्याच ते काम करतात. अशा माशीला पेटी नको असते. उन्हातली, न खणलेली, उघडी जमीन आणि वर्षभर काहीतरी फुलत राहील असा तणझुडपांचा मेळ एवढेच तिचे मागणे असते. तेच नेमके आपल्या आवारांतून नाहीसे होत आहे. रिकामी जमीन दिसली की पेव्हिंग ब्लॉक बसविणे हे आपल्याकडे विकासाचे सर्वांत सोपे कंत्राट होऊन बसले आहे. जेथे ब्लॉक नाहीत तेथे परदेशी गवताची हिरवळ असते आणि तीत एकदांडीचे फूल उगवले की त्यावर तणनाशक मारले जाते.

वास्तविक पुण्याजवळ या बाबतीत ज्ञानाची वाण नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, आणि तीही गणेशखिंड रस्त्यावर. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते, फुलोरी झुडपाला हाताएवढे पोळे लावते, पोयाची माशी भिंतीच्या भेगेत मेणाची नळी काढते, हे तेथे वर्षानुवर्षे शिकविले जाते. आग्या मात्र उंच इमारतीच्या छज्जाला किंवा पाण्याच्या टाकीला मोहोळ लावते, आणि तेथून संस्थांच्या कचेऱ्यांची धावपळ सुरू होते.

या धावपळीचे स्वरूप बहुतेक संस्थांतून सारखेच असते. तक्रार येते, कीटकनाशकवाल्याला निरोप जातो, रात्री फवारणी होते आणि सकाळी ओट्यावर पडलेला माश्यांचा खच झाडून काढण्याचे काम सफाई कामगारावर येते. कित्येकदा ठेकेदाराचा माणूसही न येता माळ्यालाच पलिता घेऊन वर चढविले जाते. त्याला जाळीचा पोशाख मिळत नाही, हातमोजे मिळत नाहीत. डंख लागले किंवा तोल गेला तर तो ‘आमचा कर्मचारी नाही, ठेकेदाराचा आहे’ असे उत्तर तयार असते. आग्या स्थलांतर करणारी माशी आहे, काही महिन्यांनी ती आपणहून निघून जाते. तोवर खालचा रस्ता दोरी बांधून बंद ठेवणे बहुधा पुरेसे असते. मोहोळ काढणेच भाग असेल, तर माश्या न मारता, केवळ मधाचा भाग कापून घेण्याची रीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मध गोळा करणाऱ्या आदिवासींना संरक्षक पोशाखासह शिकविली आहे. हे कौशल्य विद्यापीठाच्या माळ्याला शिकविता येणार नाही, असे कोण म्हणेल? पण जो माळी अकरा महिन्यांनी बदलला जाणार, त्याला कोण शिकविणार आणि त्याने तरी का शिकावे? कोणत्या झाडाच्या ढोलीत सातेरी आहे, कोणत्या उतारावर माश्यांची बिळे आहेत, गवत कधी कापले म्हणजे फुलोरा वाया जात नाही, ही माहिती त्याच जमिनीवर दहा-पंधरा वर्षे राबणाऱ्या माणसाच्या डोक्यात साठते. डेव्हिसच्या बागेला सुमारे दहा वर्षे वेळ देणारा निवृत्त प्राध्यापक मिळाला. तसा माणूस दैवयोगाने मिळतो. कायम नोकरीतला माळी मात्र ठराव करून मिळविता येतो.

आपल्या विद्यार्थी आणि शिक्षक कार्यकर्त्यांपुढे यातून काम उभे राहते, ते फलक लावण्याचे नव्हे. जागतिक सायकल दिनाला फेरी काढण्यास हरकत नाही. पण फेरी संपल्यावर पंक्चर झालेली सायकल कोठे न्यावयाची, हे आवारात ठरलेले असावे. फाटकाबाहेर झाडाखाली बसणारा सायकल दुरुस्तीवाला असतो. अतिक्रमण म्हणून त्याची टपरी उचलण्यापूर्वी त्याला आत जागा द्यावी, विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेने त्याच्या हाताखाली काम शिकावे आणि सोडून दिलेल्या सायकली दुरुस्त करून सफाई कामगार, माळी, पहारेकरी यांना आधी द्याव्यात. हे लोक आजही सायकलीने किंवा पायी कामावर येतात. पर्यावरणाच्या परिसंवादात त्यांचा उल्लेख नसतो एवढेच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो आणि अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे, शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. उद्यान, स्वच्छता आणि कीटकनियंत्रण यांवरील खर्चाची शीर्षे त्या अर्थसंकल्पात असतात. ही कंत्राटे कुणाला, किती मुदतीची, त्यांत किमान वेतनाचे आणि संरक्षक साहित्याचे कलम आहे काय, कोणती औषधे फवारली जातात, गेल्या वर्षी किती चौरस मीटर जमिनीवर ब्लॉक बसविले आणि मोहोळ काढताना कोणी जखमी झाले काय, हे प्रश्न बैठकीपूर्वी विहित मुदतीत लेखी द्यावे लागतात. ते तयार करताना एक संध्याकाळ आवारातल्या माळ्यांबरोबर बसावे. मोहोळे कोठे कोठे आहेत, ते तेच सांगतील.